96 च्या टाटामोबाइलमध्ये स्पीकर बसवले, त्याची पूर्ण हकीकत

आमच्याकडे 96 चं मॉडेल टाटामोबाइल 206 आहे, सिंगल केबिन, मागे हौदा. हल्लीच्या पोरांना ही गाडी नुसती जुनी पिकअप वाटते म्हणून सांगतो, टाटांनी ही 1988 मध्ये आणली, दोन लिटरचं डिझेल इंजिन, आणि पुढे सिएरा आणि इस्टेट याच गाडीवरून निघाल्या. आमची अजून रोज चालते. केळीचे घड, खताच्या गोण्या, कापसाच्या दिवसात जिनिंगला फेऱ्या, लग्नसराईत पाहुण्यांचं सामान, सगळं तीच ओढते. फक्त गाणी नव्हती. आधीच्या मालकाने बसवलेला कॅसेटचा टेप केव्हाच बंद पडलेला, दारात एक फाटका स्पीकर आणि दुसऱ्या दाराला नुसतं भोक.

यंदा आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी हे काम करायचंच असं ठरवलं होतं. बहिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, बाया आखाजीची गाणी म्हणतात, धाकट्या बहिणीने ती सगळी फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवलीत आणि शेतात जाता येता ती गाडीत लागावीत असं तिच्या फार मनात होतं. माझ्याही.

कापसाच्या फेऱ्या संपल्या तसं फेब्रुवारीत जळगावला गोलाणी मार्केटला गेलो, तिथे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानंच दुकानं आहेत, नंतर बाहेर गाड्यांच्या ऍक्सेसरीजवाल्यांकडेही विचारलं. एका दुकानात मला कोटेशन मिळालं 18,000 चं, त्यात चार स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि सीटमागे मोठा वूफर. मी विचारलं सिंगल केबिनमध्ये चार स्पीकर लावणार कुठे, तर म्हणे मागच्या पत्र्याला भोकं पाडू. दाराचा पत्रा पण कापावा लागेल म्हणाला. तिथून निघालो. 30 वर्षांच्या गाडीचा पत्रा एकदा कापला की परत जोडता येत नाही, कापलेल्या कडेला पहिल्या पावसाळ्यातच गंज धरतो, आणि या गाडीची दारं आता भंगारात शोधली तरी धड मिळत नाहीत. त्यामुळे मी एक गोष्ट पक्की केली की मूळ पत्र्याला नवीन भोक एकही पाडायचं नाही, मग आवाज थोडा कमी मिळाला तरी चालेल. (कमी मिळाला नाही, ते पुढे येईलच.)

पण स्पीकरच्या आधी फिटनेसचं, म्हणजे गाडी चालवायला योग्य आहे या सर्टिफिकेटचं, प्रकरण होतं. आमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे आणि मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, ते मार्चमध्ये संपत होतं. मला भीती अशी की नवीन वायरिंग, स्पीकर वगैरे बघून आरटीओत अडवतील का. म्हणून आधी जाऊन विचारून आलो. तिथे एका साहेबांनी नीट समजावलं, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे ते आरसीवर जे लिहिलंय त्यात बदल करण्याबद्दल आहे, म्हणजे इंजिन, बॉडी, आसनं, इंधन असलं काही. केबिनच्या आत ऐकायला टेप लावला त्याची नोंद करावी लागत नाही. पण बाहेरच्या बाजूला भोंगा किंवा स्पीकर लावू नका, आणि मल्टिटोन म्हणजे वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न असेल तर काढून या, त्याला नियम 119 ने बंदीच आहे. आमच्या गाडीला तसला हॉर्न होता, आधीच्या मालकाचा, तो काढून साधा लावला, 350 रुपये. मग परिवहनच्या साइटवर अर्ज, फी ऑनलाइन (15 वर्षांवरच्या गाडीची फी जास्त आहे, मनाची तयारी ठेवा), विमा, पीयूसी, टॅक्सची पावती, पर्यावरण कराची पावती सगळं अपलोड केलं. साइट दुपारी फार अडकते, सकाळी सातच्या आत बसलं की पटकन होतं. स्लॉट पुढच्या आठवड्यातला मिळाला. मागच्या बाजूची लाल रिफ्लेक्टर पट्टी निघालेली होती ती आदल्या दिवशी लावून घेतली, दिवे, इंडिकेटर, वायपर सगळं तपासून नेलं आणि पास झाली. फॉर्म 38, म्हणजे फिटनेसचं सर्टिफिकेट, हातात आल्यावर खरं सांगतो छातीवरचा दगड उतरला, कारण फिटनेस नसताना गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे विम्याचा पण भरवसा नाही.

विम्याचं इथेच सांगून टाकतो. आमचा थर्ड पार्टी आहे त्यामुळे टेप चोरीला गेला तर काही मिळणार नाही. ज्यांचा फुल इन्शुरन्स आहे त्यांनी बिल ठेवा आणि कंपनीला कळवून इलेक्ट्रिकल ऍक्सेसरीजचं एंडोर्समेंट घ्या, त्याला आयएमटी 24 म्हणतात, वस्तूच्या किमतीवर 4 टक्के प्रीमियम लागतो. बाहेरून लावलेली वस्तू सांगितलेली नसेल तर क्लेममध्ये धरत नाहीत.

मार्चच्या शेवटी दारं उघडली. डोअर पॅड म्हणजे रेक्झिन लावलेला हार्डबोर्ड, खालून पाण्याने कुजलेला. काच चढवायच्या हँडलमागे एक छोटी क्लिप असते, ती काढायला जुन्या सुती कापडाची पट्टी हँडलच्या मागे घालून दोन्ही बाजूंनी घासायची, क्लिप टुणकन उडते, त्यामुळे दुसऱ्या हाताने झाकून ठेवा नाहीतर मातीत शोधत बसाल. पॅड निघालं की आत पत्र्याला मोठं तोंड दिसतं, काचेची मशीन दुरुस्त करायला कंपनीनेच ठेवलेलं. तेच माझ्या कामाचं होतं. त्या तोंडावर बसेल अशी प्लायची पाटी करायची, ती आधीच्याच स्क्रूच्या भोकांवर कसायची आणि स्पीकर त्या पाटीवर बसवायचा. पत्रा शाबूत.

स्पीकर घ्यायच्या आधी खोली मोजायलाच पाहिजे. काच पूर्ण खाली करून, आतल्या पत्र्यापासून काचेपर्यंत मोजपट्टी लावली तर आमच्या दारात 50 मिलिमीटरच्या आसपास जागा. साडेसहा इंची स्पीकर मागे साधारण 60 पर्यंत जातो, पाटीची जाडी वजा केली तरी काचेच्या फार जवळ येतो. सव्वापाच इंची 48 चा मिळाला, त्यात पाटी 18 मिलिमीटर जाडीची, म्हणजे तेवढा स्पीकर बाहेर येतो आणि काच मोकळी राहते. दुकानदार मोठा साइज गळ्यात मारतातच, मापाचा कागद खिशात ठेवून जा.

आणि वॅटवर जाऊ नका. डेकच्या, म्हणजे नवीन टेपच्या, खोक्यावर 4 गुणिले 55 वॅट लिहिलेलं असतं ते कमाल असतं, सतत टिकणारी ताकद म्हणजे आरएमएस बघितली तर एका चॅनेलला 20 वॅटच्या आसपासच. ॲम्प्लिफायर लावायचा नसेल तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती आवाज देतो, ती डेसिबलमध्ये लिहितात. 89 वाला आणि 92 वाला यात तीनचाच फरक दिसतो पण तीन डेसिबल म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. मी 92 वाला घेतला, 4 ओहम, कोएक्सियल म्हणजे जाड आवाजाच्या वूफरच्या मध्येच बारीक आवाजाचा ट्विटर, कोन म्हणजे हलणारा पडदा प्लॅस्टिकचा आणि कडेला रबर. कागदी कोन आणि फोमची कड आपल्याकडे टिकत नाही, एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीत भट्टी होते आणि पावसाळ्यात दारात पाणी. जोडी 2,300 ला पडली. डेक सिंगल डिन म्हणजे जुन्या टेपएवढ्या उंचीचा, ब्लूटूथ आणि यूएसबीवाला, 4,200.

पाट्या गावातल्या सुतारकाकांनी करून दिल्या. मी आधी पुठ्ठ्यावर नमुना काढून नेला होता, काकांनी तो मरीन प्लायच्या उरलेल्या तुकड्यावर ठेवून पेन्सिलीने आखला, जिगसॉने कापला आणि कडा पॉलिश पेपरने मारल्या, दोन्हीचे मिळून 500. एमडीएफ म्हणजे भुसा दाबून केलेला बोर्ड वापरू नका म्हणाले, ओल लागली की पापडासारखा फुगतो. ऑइलपेंटचे दोन हात दिले, कडांना तीन, कारण पाणी कडेतूनच आत शिरतं. पेंट वाळायला दोन दिवस ठेवलं तर नानांनी (वडील) म्हटलं एवढं कशाला, पण त्यांनीच मग रोज सकाळी पाट्या उन्हात ठेवून संध्याकाळी आत घेतल्या.

आता दाराच्या पत्र्याचं. मला वाटतं जुन्या गाडीत 100 मधले 70 मार्क या कामाला आहेत आणि लोक नेमकं हेच सोडतात. डिझेल इंजिनची घरघर आणि रस्त्याचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, तो गाण्यातला बेस खाऊन टाकतो, मग माणूस आवाज वाढवत जातो आणि स्पीकर फाटतो. म्हणून दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, शीट चिकटवली, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली. स्वस्तात डांबरी शीट मिळते ती आपल्याकडे घेऊ नका, 44-45 तापमानात ती मऊ होऊन घसरते आणि केबिनमध्ये वास मारते. आधी दारातली माती काढली, काळ्या रानातली धूळ किती बसलेली होती, पाण्याने धुतली, वाळवली, मग थिनरच्या बोळ्याने पुसलं, मगच शीट, आणि रोलरने दाबून. रोलर नव्हता, लाटण्याला प्लॅस्टिक गुंडाळलं. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, मधला भाग झाला तरी बोटाने ठोकल्यावर टणटण जाऊन ठकठक येते. दोन दारं आणि पायाखालचा थोडा भाग मिळून 2,400 ची शीट लागली. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती मात्र उघडी ठेवा, शीटने किंवा सिलिकॉनने बुजवली तर दार आतून कुजेल. स्पीकरच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी पण लावली, काचेवरून ओघळणारं पाणी थेट चुंबकावर पडत नाही. काचेचं बीडिंग म्हणजे कडेची रबरी पट्टी कडक झाली होती, ती बदलली, 700.

वायरिंगला चोपड्याहून इलेक्ट्रिशियन आला. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. जुन्या टेपला स्पीकरला एकच वायर यायची आणि दुसरं टोक बॉडीला अर्थ, आमच्या गाडीत तसंच होतं. नवीन डेकमध्ये स्पीकरची मायनस बॉडीला चिकटली तर आतली आयसी जळते. इलेक्ट्रिशियन जुनी वायर वापरायची म्हणत होता, वायर वाचेल म्हणून. मी नाही म्हटलं, प्रत्येक स्पीकरला डेकपासून स्वतंत्र दोन वायरी ओढल्या, 16 गेज, पूर्ण तांब्याची. दुकानात तांब्याचं पाणी दिलेली ॲल्युमिनियम वायर पण तशीच दिसते, सुरीने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली की ठेवून द्या. दार आणि खांबाच्या मधून वायर नेताना रबराची नळी घालायची, आमच्याकडे खांबाला आधीचंच एक बुच होतं, त्यातून नेली, दार पूर्ण उघडून बंद करून वायर चिमटत नाही ना बघितलं.

डेकच्या वायरींचे रंग बहुतेक सगळ्या कंपन्यांचे सारखे असतात. पिवळी कायम बॅटरीवर, लाल चावीवर, काळी अर्थ. पांढरी आणि पांढरी-काळी पट्टीवाली पुढचा डावा स्पीकर, करड्या दोन्ही पुढचा उजवा. हिरव्या आणि जांभळ्या मागच्या स्पीकरच्या, आमच्याकडे त्या रिकाम्या राहिल्या, प्रत्येकीचं टोक वेगवेगळं टेपने बांधून ठेवलं, एकमेकांना लागता कामा नये. लाल आणि पिवळी दोन्ही एकत्र बॅटरीवर देतात काही जण, चावी काढली तरी टेप लागतो म्हणून, पण मग टेप बंद करायचा राहिला तर सकाळी गाडी ढकलावी लागते. लाल वायर चावीच्याच लाइनवर दिली. पिवळीला बॅटरीपासून फूटभराच्या आत 10 अँपिअरचा फ्यूज. डेकला मागे फ्यूज असतोच मग हा कशाला असं इलेक्ट्रिशियनने विचारलं, तर बॅटरी ते डेक या मधल्या वायरीला तो फ्यूज काही वाचवत नाही, ती वायर पत्र्याला घासली तर सरळ आग. आमच्या हौद्यात कधी कापूस असतो कधी कडबा.

जोडायच्या आधी स्पीकरची पोलॅरिटी म्हणजे प्लस-मायनस बघून घ्या, खोक्यावरच्या खुणा कधी पुसट असतात. रिमोटचा दीड व्होल्टचा सेल घेतला, स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला, कोन पुढे उसळला की सेलच्या प्लसकडचं टोक प्लस. कोन आत गेला तर उलटं. दोन दारांत एक सुलट एक उलट लागला तर आवाज येतो पण बेस गायब होतो आणि माणूस स्पीकरला नावं ठेवतो.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा गाणं लागलं पण इंजिन सुरू करताच मागे बारीक कुंई असा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची शिट्टी. इलेक्ट्रिशियनने अर्थ डॅशबोर्डच्या एका रंगवलेल्या स्क्रूला दिली होती. ती काढून पायाजवळच्या पत्र्यावरच्या आधीच्याच बोल्टला घेतली, बोल्टखालचा रंग चमकेपर्यंत घासला, दात्यांचा वॉशर घातला, कसला, वर थोडं ग्रीस. शिट्टी बंद. चार्जर लावून ऑक्सच्या वायरीने फोन जोडला तर अजून किंचित येते, ब्लूटूथवर अजिबात नाही, म्हणून ऑक्स वापरतच नाही. इलेक्ट्रिशियनचे 1,500, वायर, फ्यूज, नळी, टोप्या, अँटेना सगळं किरकोळ मिळून 900. म्हणजे बीडिंग धरून एकूण 12,500, हॉर्न आणि फिटनेसचा खर्च वेगळा.

पाटी बसवायच्या आधी आणि नंतरचा फरक सगळ्यांनी एकदा ऐकावा असा आहे. स्पीकर नुसता हातात धरून वाजवला तर पत्र्याच्या डब्यासारखा आवाज, ढोलकी ऐकूच येत नाही, कारण पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात. तोच स्पीकर पाटीवर कसून, पाटीच्या कडेला फोमची पट्टी लावून ते मोठं तोंड बंद केलं आणि ढोलकीची थाप मांडीला जाणवली. मी आणि धाकटा भाऊ दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिलो.

मग दोन दिवस खडखड शोधण्यात गेले. फोनवर टोन वाजवायचं ॲप मिळतं, 40 हर्ट्झपासून हळूहळू 200 पर्यंत न्यायचं आणि जिथे खडखडेल तिथे थांबून बोटाने एकेक जागा दाबत जायची. 90 च्या आसपास क्लिनर साइडच्या दारात फार वाजायचं, बघितलं तर लॉकचा आतला दांडा पत्र्यावर आपटत होता, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, गप झाला. दुसरी खडखड ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाची. तिसरी सापडता सापडेना, शेवटी सनव्हायझरची क्लिप निघाली.

रेडिओही छान लागतो, डिझेल इंजिनला स्पार्क प्लगच नसतो त्यामुळे पेट्रोल गाडीसारखी टिकटिक रेडिओत येत नाही, जळगाव आकाशवाणी घरापासून विदगावच्या पुलापर्यंत स्वच्छ ऐकू येतं. आखाजीला बहिणी आल्या तेव्हा सगळ्यांना बसवून अडावदपर्यंत चक्कर मारली, त्यांचीच गाणी लावून. नाना खिडकीशी बसले होते, म्हणाले, "आवाज बेस शे (छान आहे), पन थोडा कमी कर." कमी केला. गावात शिरलो की काच वर आणि आवाज खाली हे तसंही आम्ही पाळतो, आणि रात्री 10 नंतर गाडी अंगणात उभी करून वाजवत नाही.

महिनाभर चालल्यावर पाटीचे स्क्रू एकदा कसून घ्या, आपल्या रस्त्यांवर ढिले होतातच, माझे दोन झाले होते. पावसाळा सुरू व्हायच्या आधी पॅड काढून दारावर बादलीभर पाणी ओतून बघितलं, टोपीखालचा स्पीकर कोरडा आणि तळातून पाणी बाहेर. पॅड पण आता नवीन केलं, हार्डबोर्डऐवजी पातळ प्लास्टिक शीटवर जुनंच रेक्झिन फेविकॉल एसआरने चिकटवून. पुठ्ठ्याचे दोन्ही नमुने जपून ठेवलेत, ड्रायव्हर साइड आणि क्लिनर साइड वेगळे आहेत, उलटे लावले तर स्क्रूची भोकं जुळत नाहीत. जवळपास कोणाकडे 206 असेल तर या, नमुना ठेवून आखून न्या.